बुश्टनचा पाद्री आणि आमची माट्राका

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उपवास सोडून बाकी सगळं चालतं. गेल्या खेपेला विषय निघाला भाषेचा. कोणीतरी गोव्यात 'मराठीला राजभाषा करा' म्हणणाऱ्या सभेची बातमी टाकली आणि मडगावच्या चुलतभावाने खाली लिहिलं, "मराठी तांची, कोंकणी आमची." तांची म्हणजे त्यांची, हिंदूंची; हे ग्रुपवर कोणाला विचारावं लागलं नाही. मग एकाने रोमी, म्हणजे रोमन लिपी काढली, दुसऱ्याने देवनागरी काढली, आणि मी तोंड उघडायच्या आत तिसऱ्याने माझा पासपोर्ट काढला. पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडात स्विंडनला जाऊन बसलेल्यांनी गोव्याच्या भाषेत नाक खुपसू नये, असा निकाल लागला. बरं, ग्रुपवर नाही बोलत. इथे बोलतो.

मी डिचोलीच्या सरकारी मराठी शाळेत शिकलेला क्रिस्तांव, म्हणजे गोव्याचा ख्रिस्ती. आमच्या घरात प्रार्थना कोंकणीत, तीही रोमी लिपीतल्या पुस्तकातून. सकाळचा पेपर मराठी. पाय, म्हणजे वडील, रागावले की मात्र पोर्तुगीज. १९८७च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीला सरकारी कामात वापराची मुभा मिळाली, तेव्हापासून घराबाहेर जी भांडणं चालली आहेत ती आमच्या घरात एका टेबलाभोवती जेवायला बसायची, आणि कोणाचं पोट दुखायचं नाही.

वडलीमाय, म्हणजे आजी, ईस्टरचा हिशेब कालनिर्णयावरून करायची. २१ मार्चची किंवा त्यानंतरची पहिली पुनव धरायची, तिच्यानंतरचा आयतवार ते पास्क, म्हणजे ईस्टर. त्यामुळे ईस्टर कधी होळीच्या मागोमाग येतो, कधी हनुमान जयंतीच्या. २०२४ साली तो ३१ मार्चला होता, होळी नुकतीच झालेली. २०२५ साली २० एप्रिलला, हनुमान जयंतीनंतर. कोरेज्मचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, चाळीस दिवस घरात गाणंबजावणं बंद असायचं आणि बाहेर शिगम्याचे ढोल घुमायचे. वडलीमाय खिडकी लावून घ्यायची नाही. "तांचो शिगमो, आमचें कोरेज्म. चंद्र एकूच," म्हणायची.

माझ्या मुलीला शाळेत सांगितलं होतं की ईस्टरची तारीख 'बदलत असते'. का बदलते, ते तिला माझ्या आईने डिचोलीहून व्हिडिओ कॉलवर कालनिर्णय धरून दाखवलं. तिच्या बाईंनाही ते नवीन होतं म्हणे.

आता इंग्लंडचं सांगतो, कारण गावाकडे अनेकांना वाटतं की आम्ही ख्रिस्ती देशात येऊन पडलो, आमची चैन आहे. सुट्टी आहे, खरं. शुक्रवार सुट्टी, सोमवार सुट्टी, शाळा दोन आठवडे बंद. ईस्टरच्या रविवारी २८० चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं उघडायची नाहीत असा १९९४चा कायदाच आहे. पण चॉकलेटची अंडी त्या दुकानांत नाताळ आवरला की येऊन बसतात. म्हणजे उपवास सुरू व्हायच्या आधीच सण खाऊन संपतो. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्रथमच निम्म्याच्या खाली आले, ४६.२ टक्के. गोव्यात आम्ही चौथा हिस्सा, तरी पास्कांच्या दिवशी काजूच्या मार्झिपान नावाच्या मिठाईची अंडी आणि दोस या गोडाचं ताट कुठल्या कुठल्या घरी जायचं याची आईची यादी दीड पानांची असते. (शेजारच्या देसायांच्या घरी अंडी जात नाहीत, नुसता दोस. तो चण्याच्या डाळीचा, त्यांना चालतो.) इथे मी पहिल्या वर्षी शेजाऱ्याकडे ताट नेलं तर त्याने विचारलं, कशाचे पैसे गोळा करताय?

मुलांना वाट बघायला लावणं, हीच इथली खरी अडचण आहे. अंडी मी बंद केली नाहीत. तेवढा दुष्ट नाही. पण माट्राका आणली. गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, घंटा गप्प असतात, तेव्हा वाजवायची ती लाकडी फळी. हातभर लांब, मधोमध लोखंडी कडी, मनगट फिरवलं की कडी दोन्हीकडे आपटते आणि सुतार घरात शिरल्यासारखा आवाज होतो. वडलीमायच्या घरातली ही, फणसाच्या लाकडाची, सामानात कपड्यांत गुंडाळून आणली. विमानतळावर तपासणाऱ्याने ती दोनदा उलटीपालटी केली. आमच्याकडे त्या तीन दिवसांत जेवायला बोलवायचं तेही माट्राका वाजवून. मुलांना हे अंड्यांपेक्षा जास्त आवडतं, कारण एरवी घरात आवाज केला की ओरडा बसतो. शुक्रवारी पेज आणि लोणचं. त्यावर कटकट होते.

आता तो 'तांची-आमची'चा मुद्दा. स्विंडनपासून मोटारीने फार तर अर्ध्या तासावर, विल्टशर परगण्यातच, बुश्टन नावाचं खेडं आहे. थॉमस स्टीफन्स, म्हणजे आपले फादर स्टीफन्स, तिथले. १५७९ साली गोव्यात पोचले, परत आले नाहीत. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातच रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत. आणि छापलं रोमी लिपीत! म्हणजे ख्रिस्ताचं मरण आणि त्याचं पुन्हा उठणं गोव्याच्या क्रिस्तांवांनी चारशे वर्षांपूर्वी मराठीत ऐकलं, आणि ती मराठी लिहिली होती आज ज्या लिपीवरून माझे भाऊबंद भांडतात त्या लिपीत. चुलतभावाला हे लिहावं असं फार वाटलं. लिहिलं नाही.

कारण खरं सांगायचं तर मलाच लाज वाटते. विल्टशरचा माणूस गोव्याला जाऊन तिथल्या लोकांना त्यांच्या बोलीत गोष्ट सांगतो, आणि गोव्याची माणसं विल्टशरला येऊन आपल्याच पोरांना तीच गोष्ट इंग्रजीत सांगतात. ग्रुपवर कोंकणीची तलवार उपसणाऱ्या त्या भावाची मुलंही मडगावात घरी इंग्रजीच बोलतात. मराठीचा झेंडा नाचवणाऱ्या माझ्या डिचोलीच्या वर्गमित्राची मुलंही तशीच. सभा मोठ्या होतात आणि घरातली भाषा रोज थोडी आटते. मी शुक्रवारी दुपारी पोरांना स्टीफन्सच्या चार-दोन ओव्या म्हणून दाखवतो, मग वडलीमायची गोष्ट तिच्या कोंकणीत. मुलगा निम्म्यावर डुलक्या घेतो, मुलगी प्रत्येक तिसऱ्या शब्दाला थांबवते. एवढंच जमतं.

ईस्टरच्या सोमवारी आम्ही बुश्टनला गेलो. शेतं, कुंपणं, थंड वारा, पंधरा मिनिटांत बघून झालं. म्हटलं, निदान त्या पाद्र्याच्या गावात माट्राका तरी वाजवू, म्हणून पिशवीतून काढली. मुलाने माझा हात धरला.

"पप्पा, पास्क झालं. आता घंटा. माट्राका नाही वाजवायची."