जादू कसली, तेरा पोरं सोबत आणली!

अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक कर्ट सिग्नेटींनी इंडियाना विद्यापीठाच्या संघात ‘एका वर्षात जादू केली’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. २०२३ ला ३-९ (तीन विजय, नऊ पराभव) असलेला संघ २०२४ ला ११-२ झाला, हे खरंच. पण जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातून त्यांनी तेरा खेळाडू आणि दोन्ही मुख्य कोऑर्डिनेटर (आक्रमण आणि बचाव सांभाळणारे सहप्रशिक्षक) सोबत आणले, त्याचा लेखात उल्लेखच नाही! शिवाय २०११ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या संघातली सहाय्यक प्रशिक्षकाची नोकरी सोडून हा माणूस डिव्हिजन टूमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या खालच्या स्तरावर, गेला होता. तिथून मोजा की वर्षं.

मी ब्लूमिंग्टनला, म्हणजे इंडियाना विद्यापीठाच्या गावी, शिकायला होतो तेव्हा सामन्याच्या मध्यंतरातच अर्धे विद्यार्थी पार्किंगमधल्या ग्रिलकडे पळायचे, आम्हीही त्यातलेच. आता तिकीट मागितलं तर तिथला मित्र हसतो.