आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे

परभणीत वसमत रोडच्या टपरीवर शनिवारी आम्ही चौघं होतो. त्यातला एक औरंगाबादहून आलेला. तिथं खंडपीठात मोफत विधी सहाय्याच्या पॅनलवरच्या एका वकिलाकडं तो पॅरालीगल, म्हणजे केसची कागदपत्रं बघणारा मदतनीस, आहे. सनद नाही, तरी कट्ट्यावर तो ‘वकीलसाहेब’च.

बाप्पानं तोंड उघडलं. "साक्षीपुरावे झाले, जन्मठेप लागली. आता वर अपिलाला पुन्हा सरकारी पैशानं वकील कामून?"

"1987 चा विधी सेवा कायदाच आहे," वकीलसाहेब म्हणाला. "जो कोठडीत आहे त्याचं उत्पन्न बघत नाहीत."

"म्हंजे खुनी असला तरी?"

"खुनी आहे का नाही, तेच तर अपिलात बघायलेत ना."

मग त्यानं 1978 चा होसकोट खटला काढला. विद्यापीठातला रीडर, म्हणजे प्राध्यापकाच्या खालच्या पदावरचा शिक्षक, पदवीची बनावट प्रमाणपत्रं करायच्या भानगडीत सापडला. मुंबई उच्च न्यायालयानं तीन वर्षं दिली. निकालाची प्रत हातात वेळेवर पडली नाही, सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा शिक्षा भोगून झाली होती. त्याचं अपील काही दाखल करून घेतलं नाही, पण कैद्याला निकालाची प्रत फुकट आणि अपिलाला वकील मिळाला पाहिजे, हे कोर्टानं त्याच निकालात सांगितलं. "रीडर होता म्हणता?" मास्तरांचं तिथंच अडकलं. ते निवृत्त झालेत, पण त्यांना पेशाची अब्रू अजून लागते.

"बरं, तू दिवसभर करायलास काय?" मी विचारलं.

करतो ते असं. हर्सूल जेलातून अर्ज येतो, कधी नुसता अंगठा. अपिलाला 60 दिवस. बहुतेकदा ते उलटलेले असतात, मग विलंब माफीचा अर्ज. त्यानंतर पेपरबुक, म्हणजे खालच्या कोर्टातल्या जबाब-पुराव्याच्या कागदांचा गठ्ठा. जप्तीची तारीख आणि रासायनिक तपासणीला पाकीट गेल्याची तारीख शेजारी मांडायची. मधल्या दिवसांत मुद्देमाल कुठं होता, सील शाबूत होतं का, हे शोधायचं. नवा साक्षीदार सहसा आणता येत नाही. जे आहे ते कागदातच.

आणि मराठी जबाब इंग्रजी तर्जुम्याशी ताडायचा. एका केसमधे बाई म्हणाली होती, नवरा रातच्याला आखाड्यावर होता. तर्जुमा करणाऱ्यानं कुस्तीचं मैदान लिहिलं! आपल्याकडं आखाडा म्हणजे वावरातला गोठा नि खोपी, हे पोरगं परभणीचं म्हणून त्याला दिसलं. रात्री बारा वाजता कुस्ती कोण खेळतो, असा प्रश्न इंग्रजी वाचून कोणालाही पडला असता.

मास्तर खूश. "आणि चुलता, मामा?"

"दोघंही अंकल."

आम्ही हसलो. बाप्पा हसला नाही. त्याच्या चुलतभावाचा खून झालाय, आरोपी शिक्षेत आहे, अपील प्रलंबित आहे. मला ते आधी आठवायला पाहिजे होतं.

"आमच्या केसमधला तर्जुमा कोणी वाचायलंय का?"

"सरकारी वकिलानं वाचला असेल."

"असेल?"

तो गप्प बसला. मग म्हणाला, "तुम्हालाही वकील लावून सरकारी वकिलाला मदत करता येते. पण ते मी नाही बघू शकत बाप्पा. आरोपी आमच्याकडंच आला असेल तर?"

"आलाय का?"

"सांगता येत नाही."

बाप्पानं चौघांच्या चहाचे पैसे दिले आणि गाडीला किक मारली.