घासलेल्या पेनीतून बंगला कसा बांधावा

व्हिक्टोरिया राणीची जुनी पेनी हाती लागली आहे आणि तिच्यावरचं एक अक्षर गायब आहे? अभिनंदन. अक्षर चुकलेल्या नाण्याला संग्राहक भरपूर पैसे मोजतात म्हणे; बिल्डरकडे बयाणा देऊन या. राणीचं नाकही गायब असेल तर ते मात्र गिऱ्हाइकाला सांगू नका. नाक झिजतं हे सगळ्यांना माहीत असतं; अक्षरही झिजतं, ही बातमी अजून फुटलेली नाही.

पहिली पायरी स्वच्छतेची. चिंच, मीठ आणि नारळाचा काथ्या घेऊन दहा मिनिटं जोर लावा. दीडशे वर्षांत ब्राँझवर चढलेला तपकिरी थर निघून नाणं नव्या तांब्याभांड्यासारखं गुलाबी होईल आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत तिथेच संपेल. पण फायदा बघा: अक्षरांच्या कडाही जातात. ‘वन पेनी’तल्या ‘ओएनई’मधल्या ‘ई’ची खालची रेघ गेली की ‘ओएनएफ’ तयार. 1860 च्या पेनीत असा प्रकार खरोखरच नोंदलेला आहे. फरक इतकाच, की तिथे दोष डायमध्ये, म्हणजे नाणं पाडायच्या ठशात होता आणि इथे तो तुमच्या मनगटात आहे.

दहापट मोठं दाखवणारं भिंग चुकूनही घेऊ नका, त्यात फार दिसतं. तिरप्या उजेडात नाणं फिरवलं की कळतं, गायब अक्षराच्या दोन्ही बाजूंची अक्षरंही उतरत्या क्रमाने पुसट होत गेली आहेत; म्हणजे साधी झीज. शेजारची अक्षरं टोकदार आणि मधलंच एक पुसट असेल, तर डायमधल्या त्या खाचेत वंगण किंवा घाण भरली होती. खाच साफ झाली की पुढच्या नाण्यांवर अक्षर पुन्हा हजर, त्यामुळे असल्या नाण्याला कोणी चूक म्हणून फारसं मोजत नाही. आणि अक्षराच्या जागी खोलगट ओरखडे असतील, तर कुणीतरी तुमच्याआधीच बंगल्याची तयारी केली होती.

खरी चूक डायमध्ये असते. तेव्हा पोलादी डायमध्ये एकेक अक्षर पंचाने, म्हणजे टोकाला अक्षर कोरलेल्या खिळ्याने ठोकत. एखादं चुकलं किंवा झिजलं, तर त्याच्यावरच दुसरं ठोकत. म्हणून भिंगाखाली एका अक्षराच्या पोटातून दुसऱ्याचा पाय डोकावतो. त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो पाय त्याच जागी, त्याच कोनात सापडतो. जगात तुमच्या एकाच नाण्यावर असेल, तर आधी त्या काथ्याकडे संशयाने बघा.

लॅटिन शिकण्याच्या फंदात पडू नका, धंदा बसेल. नाण्यावरच्या ‘ब्रिट’मध्ये, म्हणजे ब्रिटनच्या लॅटिन लघुरूपात, दोन टी दिसले की लगेच ‘स्पेलिंग मिस्टेक, अतिदुर्मिळ’ अशी जाहिरात टाका. लॅटिन संक्षेपात शेवटचं अक्षर दोनदा लिहिलं की अनेकवचन होतं, असं कोणी सांगितलं तर त्याला ब्लॉक करा. 1949 च्या पेनीवर ‘इंड इम्प’, म्हणजे ‘हिंदुस्थानचा सम्राट’, हे शब्द नाहीत; तीही चूक म्हणूनच विका. ते शब्द आपल्या स्वातंत्र्यामुळे गेले आणि तशा 1 कोटी 40 लाखांहून अधिक पेन्या त्या एका वर्षात पाडल्या गेल्या, हे गिऱ्हाइकाला कशाला?

खऱ्या चुका आहेतच, आणि त्या लाजवाब आहेत. दुसऱ्या चार्ल्सच्या 1673 च्या अर्ध्या पेनीवर ‘कॅरोलस’ या त्याच्या लॅटिन नावातल्या ए आणि आर यांनी जागा बदलल्या आहेत. तिसऱ्या विल्यमच्या 1696 च्या क्राउन या चांदीच्या मोठ्या नाण्यावर ‘डीईआय’चं, म्हणजे लॅटिनमधल्या ‘देवाच्या’चं, ‘जीईआय’ झालं आहे. त्या वर्षी अख्ख्या देशाची जुनी चांदी वितळवून नवी नाणी पाडायची घाई होती. त्याच राजाच्या तांब्याच्या अर्ध्या पेनीवर आडवी रेघ नसलेला ‘ए’ वारंवार भेटतो. पंच तुटका, किंवा सरळ ‘व्ही’च उलटा ठोकलेला. ते काम कंत्राटदारांकडे होतं. कंत्राटी काम कसं होतं, हे इथल्या रस्त्यांवरून चालणाऱ्याला समजावून सांगायला नको.

आता किंमत. लिलावात प्रत्यक्ष किती पौंडांना विकलं गेलं, ते बघू नका. लोकांनी मागितलेल्या किमती बघा, त्या मोठ्या असतात. दुर्मिळ चूक असली तरी ती स्पष्ट वाचता आली पाहिजे, कारण पैसे त्या अक्षराचे असतात, हा हट्टी लोकांचा नियम आहे. तुम्ही ‘अक्षर दिसत नाही, हीच चूक’ असं म्हणा.

वजन मात्र करू नका. ब्राँझची पेनी 9.45 ग्रॅमची पाडत. काटा साडेआठ दाखवू लागला, तर हरवलेली अक्षरं कुठे गेली ते कळेल. फोटो रात्री, फ्लॅश मारून, हात किंचित हलवून काढा. आणि बिल्डरला सांगा, बयाण्याची पावती पेन्सिलने लिहा.