खुलासा: सुवार्ता सांगणे एकट्या पाळकाचे काम नाही

“ल्युथरन मंडळीत सुवार्ता सांगायची ती पाळकानेच, बाकीच्यांनी नुसते ऐकायचे,” असा संदेश सध्या फिरतो आहे. (ल्युथरन मंडळी म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या शिकवणीवर चालणारे ख्रिस्ती चर्च, सुवार्ता म्हणजे येशूचा शुभसंदेश, आणि पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू.) आधार दिला जातो १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासांगीकारातल्या, म्हणजे ल्युथरन श्रद्धेच्या मूळ जाहीरनाम्यातल्या, १४ व्या कलमाचा. कलम खरे, पण अर्थ ओढूनताणून लावलेला. रीतसर पाचारण (मंडळीकडून नेमणूक) झाल्याशिवाय कोणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये किंवा बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार देऊ नयेत, एवढेच ते म्हणते. घर, शेजार, आजाऱ्याची खाट यांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

उलट ल्यूथरचा १५२९ चा लहान कॅटेकिझम, म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पुस्तिका, उघडा. दहा आज्ञा असोत की प्रभूची प्रार्थना, मथळ्यातच सांगितले आहे की घरच्या कर्त्याने हे आपल्या माणसांना सोपे करून शिकवावे. ल्यूथरनेच श्रद्धेविषयी लिहिलेल्या १५३७ च्या श्मालकाल्ड लेखांत तर उपदेश, बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पापक्षमेची घोषणा यांच्या पंगतीला बंधुजनांनी एकमेकांशी बोलणे, धीर देणे हेही बसवले आहे. (संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच कसे सुटते, कोण जाणे!)

“मला बोलता येत नाही” ही सबबही टिकत नाही. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात (१०:१७) म्हटले आहे की विश्वास वचन ऐकण्याने होतो; वक्तृत्वाची अट तिथे नाही. पाळकाचे पद यामुळे कमी होत नाही. जाहीर उपदेश आणि संस्कार त्याच्याकडेच राहतात.