पोर्क रिब्ज: ३-२-१ च्या घड्याळावर विसंबू नका

घरी रिब्ज, म्हणजे डुकराच्या बरगड्या, धुरावर शिजवणाऱ्यांमध्ये एक कृती हातोहात फिरते: "३ तास धूर, २ तास फॉइलमध्ये गुंडाळून, १ तास सॉस लावून उघड्या. मांस हाडावरून गळून पडलं की झालं. आतून गुलाबी दिसलं तर कच्चं." मी अमेरिकेतल्या मिसुरीत राहते, दर उन्हाळ्यात घरामागे केटल ग्रिलवर, म्हणजे झाकणाच्या गोल कोळशाच्या शेगडीवर, रिब्ज करते. या कृतीपायी चांगले रॅक (बरगड्यांचे अख्खे पट्टे) वाया जाताना बघवत नाही.

आधी तासांचं बघू. आच १०७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहिली, तर पोटाकडच्या मोठ्या, चरबीदार स्पेअर रिब्जना हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. पण बाजारातून आपण बहुधा आणतो त्या बेबी बॅक, म्हणजे कण्यालगतच्या, आखूड आणि कमी चरबीच्या. त्या २ तास फॉइलमध्ये कोंडल्या की वाफेवर शिजून त्यांचा लगदा होतो. मागे माझा असाच एक रॅक चिमट्याने उचलताना मधोमध तुटला आणि अर्धा निखाऱ्यांत गेला.

मांस गळून पडणं ही तर जास्त शिजल्याची खूण. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीच्या स्पर्धांमध्ये परीक्षक त्याचे गुण कापतात. घास दाताने अलगद सुटावा, चावल्याची खूण स्पष्ट राहावी आणि बाजूचं मांस हाडाला धरून असावं. घरात कुणाला अगदी मऊच आवडत असेल तर जरूर करा, पण ती आवड झाली.

गुलाबी रंगाला घाबरू नका. धुरातले नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला चिकटतात, म्हणून कडेचा गुलाबी रंग शिजल्यावरही जात नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या मते पोर्कचे असे तुकडे आतून ६३ अंशांना पोचले आणि उतरवून ३ मिनिटं तसेच ठेवले, की खायला सुरक्षित असतात. तेवढ्यावर रिब्ज उतरवल्या तर मात्र चिवट लागतील, कारण मांसातलं चिवट कोलॅजन विरघळून मऊ जिलेटिन व्हायला अजून बराच वेळ असतो. रिब्ज साधारण ९० ते ९५ अंशांना मऊ होतात. पण मांसाचा थर इतका पातळ, की थर्मामीटरचं टोक हाडाला लागतं आणि आकडा फसवतो.

मग ओळखायचं कसं? चिमटा एका टोकाने तिसऱ्या-चौथ्या हाडापर्यंत आत सरकवा, रॅक उचला, हलकेच हेलकावा द्या. कच्चा असेल तर तो फळीसारखा ताठ राहतो. तयार झालेला कमानीसारखा वाकतो, आणि वरच्या काळपट-तांबूस सालीला आडवी चीर पडून आतलं ओलसर मांस दिसतं. शंका वाटली तर दोन हाडांच्या मध्ये टूथपिक खुपसा. उकडलेल्या बटाट्यात सुरी जाते तशी ती गेली पाहिजे. हाडांची टोकं उघडी पडली एवढ्यावरून रॅक उतरवू नका, आच जास्त झाली तरी मांस मागे सरतं.

बेबी बॅक मी ४ तासांनंतर तपासायला घेते. चीर पडली नसेल तर झाकण लावून २० मिनिटांनी पुन्हा उचलून बघते.