हप्ता थकलाय, तोवरच बोला

अपयशाबद्दल मोकळेपणाने बोला, असं सांगणाऱ्या पोस्टी हल्ली रोज दिसतात. लिहिणारा बहुतेक वेळा पुन्हा उभा राहिलेला असतो. फोटोत नवी गाडी आणि मजकुरात ‘तेव्हा रिक्षाला पैसे नव्हते’. छान आहे. पण ज्याचा हप्ता याच महिन्यात थकलाय, त्याने यातून काय घ्यायचं?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत दादाचं आणि माझं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांच्या ऑर्डरीवर काम करून द्यायचं, शेड होतं. भाड्याचा गाळा, कर्जावरची सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं. मोठ्या गिऱ्हाइकाने ऑर्डरी कमी केल्या, जुनी बिलं लांबवली, आणि धंदा बसला. आता मी सिन्नरला दुसऱ्याच्या कंपनीत शिफ्ट सांभाळतो. गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्नात कुणी ‘काय शेठ, काय म्हणतो धंदा?’ विचारलं की आमचे अण्णा अजूनही ‘चाललंय’ म्हणून मोकळे होतात. त्यांना दोष देत नाही. नाशिकरोडची नोटांची प्रेस, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, सातपूरची कंपनी. त्यांच्या पिढीत एकदा चिकटला की माणूस निवृत्त होऊनच बाहेर पडायचा. मधेच काही बंद पडतं, याची सवयच नाही.

पण गप्प बसण्याची किंमत रोकडी असते. हप्ता चुकला की बँकेत दिवस मोजले जातात. ३० दिवसांनंतर खातं एका यादीत, ६० नंतर पुढच्या, आणि ९० ओलांडले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. छोट्या उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेची २०१६ पासून चौकट आहे: खातं एनपीए व्हायच्या आधी, अडचण येतेय असं दिसलं तरी मालक स्वतः बँकेकडे अर्ज करू शकतो. बँकेची समिती बघते, हप्त्यांची फेरमांडणी होऊ शकते. म्हणजे सोय आहे ती अजून न बुडालेल्यासाठी. आणि नेमका त्याच काळात माणूस बँकेचा फोन कट करतो.

दादाही ‘बघू, पुढच्या महिन्यात येतील पैसे’ म्हणत होता. वहिनीने फाइल काढून आम्हाला मॅनेजरसमोर बसवलं. शेड वाचलं नाही, हे स्पष्ट सांगतो. पण बँकेच्या संमतीने मशिनं आम्हीच गिऱ्हाईक शोधून विकली, लिलावाची वेळ आली नाही, आणि तारण ठेवलेलं सिडकोतलं घर राहिलं. ऑपरेटर पोरांनाही आधीच सांगितलं. त्यांच्यापासून लपवून तरी काय होतं? माल यायचा थांबला की मालकाच्या बायकोआधी त्यांना कळतं.

सगळीकडे बोंब मारा, असं मी म्हणत नाही. २००६ च्या कायद्याने छोट्या पुरवठादाराचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तक्रारीला सरकारची परिषदही आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, ही भीती एमआयडीसीत कुणाला नाही? तिथे जपून बोलणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. घरी, बँकेत आणि कामगारांशी मात्र आधी बोला. नातेवाईक थांबू शकतात.

अजून एक. थकबाकी कमी रकमेत मिटवली तर सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, पूर्ण फेडीसारखा ‘क्लोज्ड’ नाही. पुढचं कर्ज मागताना तो नडतो. सही करण्याआधी विचारून घ्या.

कुणाला बँकेचा अर्ज कसा लिहायचा ते हवं असेल तर इनबॉक्समध्ये या. आमच्या अर्जाची प्रत पाठवतो, आकडे तेवढे तुमचे घाला.