"बॅटरी डेड पाठवली" या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की नवी बॅटरी बसवल्यावर लॅपटॉप चालूच झाला नाही म्हणजे माल डेड, जुनीवर 10.8 व्होल्ट लिहिलेलं आणि आम्ही 11.1 ची दिली, पुढे चालू झाला तर 38 टक्क्यांवर फटकन बंद पडला, आणि फुगलेली जुनी बॅटरी स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका असं आम्ही फोनवर सांगितलं ते फक्त घाबरवायला, म्हणजे तुम्ही कंटाळून काम आमच्याकडेच द्याल म्हणून. हे शेवटचं सगळ्यात जास्त लागलं, त्यामुळे आधी त्याबद्दलच बोलतो.

सर, बॅटरी स्वतः बदलू नका असं आम्ही कुणालाच म्हणत नाही, आमच्याकडून नेणारे बरेच जण घरीच बसवतात आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे, कारण एका बॅटरीपायी चांगला चालणारा लॅपटॉप अडगळीत जाऊ नये. पण आतल्या पातळ बॅटरीला कडक कव्हर नसतं, नुसती फॉइलची पिशवी असते, आत प्लस आणि मायनसचे थर असतात आणि त्यांच्यामधे प्लास्टिकचा एकदम पातळ पडदा. लोखंडी टोक तिथे घुसलं की आतल्या आत शॉर्ट होतो, सेल (बॅटरी ज्या सुट्या भागांची बनते त्यातला एक) तापतो, त्या उष्णतेने शेजारचा थर पेटतो आणि मग ते थांबवणं आपल्या हातात राहत नाही. फुगलेल्या सेलमधे तर आधीच गॅस भरलेला असतो. म्हणून ती परत चार्जला लावायची नाही, दाबायची नाही, वाकवायची नाही, कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब सोडायचे, गोंद मऊ व्हायला दोनचार मिनिटं द्यायची आणि प्लास्टिकचं कार्ड हळूहळू सरकवत न्यायचं. त्याआधी लॅपटॉप पूर्ण शटडाउन (स्लीप नाही), चार्जर काढलेला, आणि बॅटरीचा कनेक्टर सुटलेला पाहिजे, तोही वायरी न ओढता. फोनवर आम्ही हेच सांगत होतो आणि पुन्हा कुणी विचारलं तरी हेच सांगू.

आता डेडचं. विमानाने सुट्या पाठवायच्या लिथियम आयन बॅटऱ्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवून पाठवता येत नाहीत, 2016 पासून तसा आंतरराष्ट्रीय नियम आहे, शिवाय बऱ्याच पॅकचा सर्किट बोर्ड वाहतुकीसाठी झोपवून ठेवलेला असतो. तो बटण दाबून उठत नाही, चार्जर लावला की उठतो. तुम्हीच लिहिलंय की रात्री चार्जर लावल्यावर चालू झाला. म्हणजे बॅटरी डेड नव्हती.

व्होल्टचं म्हणाल तर दोन्हीत तीन सेल एकामागे एक जोडलेले आहेत, कुणी एका सेलचे 3.6 धरून 10.8 छापतं, कुणी 3.7 धरून 11.1, फुल चार्जला दोन्ही 12.6 लाच पोचतात. चुकीचा माल नाहीये. पण इथे इतर कुणी वाचत असेल तर एक लक्षात ठेवा, 11.4 लिहिलेली बॅटरी वेगळी, तिचे सेल जास्त व्होल्टला चार्ज होतात, ती यांच्या जागी बसवायची नाही. आणि कपॅसिटी बघताना नुसतं एमएएच (mAh, बॅटरीत मावणारा चार्ज) बघू नका, वॅट-अवर (Wh, व्होल्ट धरून होणारी एकूण ऊर्जा) बघा, 11.1 व्होल्ट आणि 4400 एमएएच म्हणजे साधारण 49 वॅट-अवर.

38 टक्क्यांवर बंद पडल्याचा राग मी समजू शकतो, चालू काम गेलं की कुणालाही येईल. स्क्रीनवर दिसणारे टक्के हा बॅटरीतल्याच एका चिपचा अंदाज असतो, नव्या पॅकमधे ती चिप अजून शिकलेली नसते, तिला पूर्ण भरलेलं आणि जवळपास रिकामं अशी दोन्ही टोकं दिसली की आकडा जागेवर येतो. एकदा 100 पर्यंत भरा, मग तासभर चार्जर तसाच राहू द्या, मग काढून 5-7 टक्क्यांपर्यंत साधं काम करत उतरवा, फाइल सेव्ह करत राहा, आणि सलग पुन्हा फुल करा. असं दोनदा झालं की बहुतेक वेळा फरक पडतो.

तरीही तसाच बंद पडला तर मग तो सेलचा दोष आणि ती जबाबदारी आमची, यात वाद नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी शेजारी शेजारी दिसतात, कसा काढायचा ते मेसेजवर स्टेप बाय स्टेप पाठवतो. फुल चार्जचा आकडा डिझाइनच्या बराच खाली असेल तरी बॅटरी बदलून देऊ, तुम्ही उघडून बसवली होती या कारणावरून नाही म्हणणार नाही. रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाहीये, तो राहू द्या.

जुनी फुगलेली अजून घरात असेल तर कनेक्टरवर टेप लावून, उन्हापासून आणि पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, रोजच्या कचऱ्यात नको. आणि खालचं कव्हर पुन्हा लावताना स्क्रू बघून लावा, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर बोर्डला लागतो.